ओसरीवरची शिकवणी : एक विद्यार्थिनी, चार विषय

एम.एस्सी. करून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी परत आले, तेव्हा गल्लीतल्याच एका अकरावी सायन्सच्या मुलीला शिकवायला तिच्या आईनं विचारलं. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि जमलं तर बायो. दुसरं कोणी नाही, ती एकटीच. आता ती बारावीत आहे. गावात राहून अशी शिकवणी सुरू करणारे पुष्कळ जण मला विचारतात, म्हणून अनुभव लिहिते.

पहिल्या आठवड्यात शिकवू नका. मी ती चूक केली. पहिल्याच दिवशी फिजिक्सचं पुस्तक उघडलं, तासभर बोलले, आणि ती प्रत्येक वाक्याला "हो ताई" म्हणत गेली. तिसऱ्या दिवशी एक उदाहरण तिच्याकडे दिलं आणि गप्प बसले. पेन पहिल्याच ओळीत थांबलं. अडलं होतं 'रिस्पेक्टिव्हली' (अनुक्रमे) या शब्दावर. दोन वस्तुमानं दिली होती, कोणतं कोणाचं हेच तिला कळेना. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली, अकरावीची सगळी पुस्तकं इंग्रजीत. म्हणजे अडचण फिजिक्सची नव्हतीच. तेव्हापासून माझा नियम एकच: समोरच्याच्या चेहऱ्याकडे नाही, पेनाकडे बघायचं. कुठे थांबतं, कुठे खोडतं, कुठे नुसतंच फिरतं. चाळीस जणांच्या वर्गात हे दिसत नाही, ओसरीवर दिसतं. फक्त आपल्याला गप्प बसता आलं पाहिजे, आणि ते शिकवण्यापेक्षा अवघड आहे.

सगळे विषय एकाच माणसानं शिकवण्याचा खरा फायदा मला दिवाळीच्या सुमारास कळला. अकरावीच्या फिजिक्समध्ये दुसऱ्याच प्रकरणात व्हेक्टर आणि डेरिव्हेटिव्ह येतात. मॅथ्समध्ये डिफरन्सिएशन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं, येतं दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी. कॉलेजात दोन शिक्षक आपापल्या जागी बरोबर असतात आणि पोरगी मधल्या खड्ड्यात पडते. मी मॅथ्सचं ते प्रकरण पुढे ओढलं आणि आठ दिवस फिजिक्स बंद ठेवलं. लॉगचंही तसंच. बारावीत केमिस्ट्रीत पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, काढायला लॉग (लॉगॅरिदम) लागतो, रिअॅक्शनचा वेग काढायला लागतो, आणि बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबलच वापरावं लागतं. हायड्रोजन आयनची संहती दोन गुणिले दहाचा उणे तिसरा घात दिली, की तीनमधून 0.3010 वजा, पीएच 2.699. ही एक ओळ तिला अडत होती, आणि त्यामुळे आयोनिक इक्विलिब्रियमचं पूर्ण प्रकरण 'कठीण' वाटत होतं. एक संध्याकाळ फक्त लॉग टेबल घेऊन बसलो. तुम्हीही प्रकरणांच्या क्रमाला बांधून घेऊ नका.

उदाहरणं घरातलीच घ्या. टक्केवारी शिकवताना कोपऱ्यात युरियाची रिकामी बॅग होती. युरियाचं रेणुवस्तुमान 60, त्यात नायट्रोजन 28, म्हणजे जवळपास 46.7 टक्के. बॅगवर 46 छापलेलं. तिचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी ती डीएपी या दुसऱ्या खताचा हिशेब स्वतःच करून आली: रेणुवस्तुमान 132, त्यात नायट्रोजन 28, म्हणजे 21 टक्के.

"पण ताई, बॅगवर तं अठराच लिहेल हाय. मंग आपलं चुकलं का?"

मला उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगते" म्हटलं आणि रात्री वाचलं. बाजारातलं डीएपी शुद्ध नसतं, फॉस्फोरिक आम्लातून आलेली अशुद्धी त्यात असते, म्हणून 18. आणि बॅगवर 18 च्या पुढे छापलेले 46 हे निव्वळ फॉस्फरसचे नसून पी-टू-ओ-फाइव्ह या त्याच्या ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असतात. तो हिशेब आम्ही दोघींनी वहीत मांडला, निव्वळ फॉस्फरस 20 टक्के निघाला. 'येत नाही' म्हणायला लाजू नका, पण दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊनच जा.

सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) की नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), हे बारावीच्या सुरुवातीलाच घरच्यांसोबत बसून ठरवा. पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) सीईटीत 200 पैकी 100 गुण एकट्या मॅथ्सचे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नीटमध्ये 720 पैकी 360 बायोचे आणि प्रत्येक चुकीला एक गुण जातो. दोन्हीची तयारी सारखी होत नाही. आम्ही सीईटी धरली. म्हणून दीड तासाची सुरुवात मॅथ्सनं.

वेळापत्रक मात्र गावाचं असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत रविवारी ती वावरात असते, त्या दिवशी शिकवणी ठेवूच नका. संध्याकाळी लाइट गेली तर तोंडी फॉर्म्युले, आली की उदाहरणं. फीबद्दल पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. मी दर महिन्याला मागत नाही, कापूस विकल्यावर एकदा आणि तुरीनंतर एकदा घेते. यात कोणाचाच संकोच राहत नाही.

बायो माझा विषय नाही. तिच्या वडिलांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "तुमी निस्तं आयकत बसा, तिले तेवढंच लय झालं." त्यामुळे शेवटचा अर्धा तास ती धडा वाचते, मग पुस्तक मिटून मला सांगते. मी खरंच न कळल्यामुळे प्रश्न विचारते, आणि तिला उत्तर द्यावंच लागतं. काल हृदयाच्या कप्प्यांवर आम्ही तासभर अडकलो होतो, तिची आई दोनदा जेवायला बोलवून गेली.