ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचंय? आधी पेन्सिल घ्या

दर सुट्टीत बडोद्याला आलो की कुणीतरी विचारतंच, "दादा, मुलगा व्हायोलिन वाजवतो, ऑर्केस्ट्रात चान्स आहे का?" (ऑर्केस्ट्रा म्हणजे वेस्टर्न क्लासिकलचा, फिल्मी गाण्यांचा नव्हे.) म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी दांडिया बाजारातला. सयाजीरावांनी १८८६ ला मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, तीच पुढे विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली, त्यामुळे आमच्याकडे घरटी एकजण तरी काहीतरी शिकतच असतो. मी हिंदुस्थानी शिकलो, मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवून. मग एकोणिसाव्या वर्षी मुंबईला वेस्टर्नच्या नादी लागलो. उभं राहून वाजवताना बघून आजी म्हणाली, "हे काय, वरातीतल्या बँडवाल्यासारखं!" मान सहा महिने आखडलेली. त्याहून वाईट म्हणजे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, बोट सवयीने घसरायचंच, आणि सोळा जण एकच सूर सरळ वाजवत असताना एक जण घसरला की लगेच कळतं. कंडक्टरने थांबून फक्त माझ्याकडे बघितलं, बस.

बरीच वर्षं मागे बसून काढल्यावर एका हौशी ऑर्केस्ट्रात लीडर, म्हणजे व्हायोलिनवाल्यांचा म्होरक्या, झालो. लोकांना वाटतं लीडर म्हणजे सोलो. तो असतो कधीमधी, पण खरं काम बोइंगचं. कुठला सूर गज खाली ओढून, कुठला वर ढकलून, हे लीडर ठरवतो, पार्टवर, म्हणजे वाजवायच्या नोटेशनच्या कागदांवर, खुणा करतो आणि मागच्या सगळ्या डेस्कांपर्यंत (एका स्टँडवरून वाचणारी जोडी म्हणजे डेस्क) त्या पोचल्या की नाही ते बघतो. मी एकदा कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी दोन ओळींचं बोइंग बदललं, शहाणपणा सुचला, आणि संध्याकाळी पुढचे गज वर, मागचे खाली! चूक शंभर टक्के माझी. बाकी ओबो हे फुंकवाद्य ४४० हर्ट्झचा ए हा सूर देतं तेव्हा उभं राहून सगळ्यांना ट्यून करून घेणं वगैरे दिसायला छान असतं, त्याला अक्कल फारशी लागत नाही.

उशीर झाला म्हणून रडणाऱ्यांनी मुंबईचे व्हायोलिनवादक मेहली मेहता आठवावेत. १९०८ चा जन्म, १९३५ ला बॉम्बे सिम्फनी उभी केली, आणि १९४५ ला, सदतिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कला व्हायोलिनचे गुरू इव्हान गॅलमियन यांच्याकडे परत शिकायला गेले. पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवलं.

पैशांचं खरं सांगतो. मुंबईत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण त्यात बाहेरदेशचे वादक बरेच, म्हणजे जागा मोजक्याच. बाकीच्यांचं घर ट्यूशनवर चालतं, माझंही. वेस्टर्न संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा द्या, पण रोज नवीन पान बघता क्षणी वाजवायची सवय जास्त कामाला येते, ऑडिशनला तिथेच बरेच गळतात.

आणि खुणांसाठी पेन्सिल मऊ घ्या, टूबी (2B). बॉलपेन अजिबात नको, पार्ट बऱ्याचदा भाड्याने आणलेले असतात, खुणा खोडून परत द्यावे लागतात, आणि ते खोडत बसायचं कामही शेवटी लीडरच्याच गळ्यात पडतं.