जुन्या जिप्सीचं डिफरन्शियल ऑइल घरी बदलायचंय? आधी वरचं बूच उघडा

इंजिन ऑइल सगळे वेळेवर बदलतात, पण डिफरन्शियलकडे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या अॅक्सलमधल्या गिअरकडे (जिप्सीला पुढे एक, मागे एक), कोणी बघत नाही, आणि त्यातही पुढचं तर कित्येक जिप्सींचं वर्षानुवर्षं उघडलेलंच नसतं. माझी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने सांगितलं सगळं ऑइल नवीन आहे, मागचं खरंच चांगलं होतं पण पुढचं उघडलं तर दुधाच्या चहासारखं निघालं, म्हणजे आत पाणी गेलेलं. तेव्हापासून दोन्ही मी स्वतःच करतो.

ऑइल घ्यायचं ८०डब्ल्यू-९० (हा घट्टपणा), जीएल-५ (हा गिअर ऑइलचा दर्जा). क्राऊन-पिनियन (आतली मोठी-छोटी गिअरची जोडी) हायपॉइड पद्धतीची आहे, दाते एकमेकांवर घासत फिरतात म्हणून जीएल-५च लागतं. उरलेलं मात्र गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथे गिअर सहज पडावा म्हणून पितळी सिंक्रो रिंग असतात आणि जीएल-५ त्यांना मानवत नाही. पुढे साधारण २ लिटर लागतं, मागे दीड. बरेच जण उलटं समजतात आणि पुढे कमी भरतात.

आधी गाडी १०-१५ किलोमीटर फिरवून आणा, कोमट ऑइल पटकन उतरतं आणि तळाचा गाळ पण घेऊन येतं. फ्री व्हील हब (पुढची चाकं अॅक्सलला जोडायची-सोडायची कळ) असतील तर ते लॉक करून टू व्हील ड्राइव्हमध्येच फिरवा, नाहीतर पुढचं डिफरन्शियल फिरतच नाही आणि ऑइल गारच राहतं. मग सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना दगड. जॅक लावू नका, जिप्सीखाली माणूस आरामात जातो आणि गाडी तिरकी झाली की लेव्हल चुकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भरायचं बूच आधी उघडा, मगच खालचं. जुन्या गाडीत वरचं बूच गंजून बसलेलं असतं, आणि खालून सगळं ऑइल काढून टाकलं आणि वरचं उघडलंच नाही तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, बुचाच्या खाचेतली माती खिळ्याने पूर्ण काढा, नीट बसणारंच हत्यार वापरा, ढिला पाना लावून कडा गोल केल्या तर मग वेल्डिंगवाल्याशिवाय पर्याय नाही.

खाली घमेलं ठेवा, खालचं बूच सोडा आणि अर्धा तास सोडून द्या. निघालेलं ऑइल फेकायच्या आधी नीट बघा, बोटांत चोळून बघा. राखाडी मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज, घाबरू नका. टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा मिळाला तर नवीन ऑइल भरून उपयोग नाही, आधी डिफरन्शियल उघडावं लागेल. दुधाळ निघालं तर पाणी, आणि मग ब्रीदर, म्हणजे हौसिंगची हवा जा-ये करायची नळी, तपासाच. गरम हौसिंग ओढ्याच्या पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, ब्रीदर चिखलाने बंद असेल तर पाणी ऑइल सीलमधून आत ओढलं जातं. कोकणात पावसाळाभर गाडी चालवता तर दिवाळीच्या आत एकदा तरी बूच उघडून बघा. पुढच्या चाकाच्या नकलमधून (चाक वळतं तो सांधा) पातळ काळं ग्रीस गळत असेल तर आतलं सील गेलंय, डिफरन्शियलचं ऑइल तिकडे जातंय. मागे सील गेलं तर ऑइल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये, ते अजिबात चालढकल करायचं काम नाही.

भरायला हातपंप घ्या, नाहीतर लांब पाइप आणि नरसाळं चालतं, एकाने वर धरायचं एकाने खाली बघायचं. ऑइल घट्ट असतं, डबा तासभर उन्हात ठेवला की बरं पडतं. खालचं बूच आट्यांना सीलंट लावून बसवा, अंगाचा जोर टाकू नका, आटे गेले तर हौसिंगचं काम निघतं. वरच्या भोकातून ऑइल ओघळायला लागलं की थांबा, ओघळ बंद झाला की बूच लावा. त्याहून जास्त कोंबलं तर सीलवर दाब येतो.

जुनं ऑइल गटारात किंवा झाडाखाली ओतू नका प्लीज, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, ते जुनं ऑइल घेणाऱ्याला देतात. आणि १०० किलोमीटर झाले की परत खाली जाऊन चारही बुचांवरून बोट फिरवा, ओलं लागलं तर थोडं आवळा.