डेक कॅडेट व्हायचंय? आधी डोळे, मग फी

डेक कॅडेट, म्हणजे व्यापारी जहाज चालवणारा शिकाऊ अधिकारी, व्हायला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये सरासरी ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के हवेत. पण फॉर्म भरण्याआधी डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारचं नौवहन महासंचालनालय) मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. ठिपक्यांच्या वर्तुळातला आकडा दिसला नाही, म्हणजे रंगांधळेपणा निघाला, तर गोष्ट तिथेच संपते. रात्री समोरच्या जहाजाचा दिवा लाल की हिरवा, यावरच वाट ठरते. चष्मा असेल तर इंजिन शाखेचं विचारा, तिथे थोडी सवलत आहे.

पुढे आयएमयू सीईटी, म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा. डीएनएस, म्हणजे नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा, केलात तर एक वर्ष कॉलेज आणि १८ महिने जहाज. बीएस्सी नॉटिकल सायन्सला तीन वर्षं आणि १२ महिने. नवी मुंबईतलं टी. एस. चाणक्य बीएस्सीसाठी नावाजलेलं. डीएनएसला मात्र कंपनीची स्पॉन्सरशिप हातात असल्याशिवाय पैसे भरू नका. कोर्स झाला आणि जहाजच मिळालं नाही, अशी मुलं मुंबईत ढिगाने सापडतील.

त्यांनाच एजंट गाठतात. नोकरी लावण्याचे पैसे घेणं बेकायदा आहे. कंपनीचा आरपीएसएल नंबर (जहाजावरच्या भरतीच्या परवान्याचा) डीजी शिपिंगच्या साइटवर स्वतः तपासा, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर जाऊ नका.

इंडोस नंबर (दर्यावर्दीचा सरकारी नोंदणी क्रमांक), सीडीसी (त्याचं जहाजावरच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), पासपोर्ट, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. आडनाव पुढेमागे झालं तरी खेटे पडतात.

जहाजावर ट्रेनिंग रेकॉर्ड बुक रोजच्या रोज भरा, काम झालं की लगेच अधिकाऱ्याची सही घ्या. तो साइन ऑफ करून घरी गेला, की सही अडकली.