सहलीत कविता वाचताना या चुका टाळा

कोल्हापुरातून सुट्टीत निघणाऱ्या कुटुंबांच्या वाटा बहुधा ठरलेल्या असतात: पन्हाळा आणि जोतिबा, नृसिंहवाडी आणि खिद्रापूर, नाहीतर घाट उतरून कोकण. यांतल्या अनेक वाटांवर आवर्जून वाचावी अशी मराठी कविता आहे. तरीही हौसेने बॅगेत ठेवलेला कवितासंग्रह पुष्कळदा न उघडताच घरी परततो आणि प्रवासात कविता वाचणे होतच नाही, असा समज पक्का होतो. दोष कवितेचा नसतो. निवड आणि वाचनाची रीत चुकलेली असते.

निवडीतली नेहमीची चूक म्हणजे समग्र कवितांचा जाडजूड खंड बरोबर घेणे. दिवसभर फिरून दमलेला माणूस शेकडो पानांतून हवी ती कविता शोधत बसत नाही. निघण्यापूर्वी चार-पाच कविताच निवडाव्यात आणि त्या वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घ्याव्यात. घरी संग्रह नसतील तर 1850 साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर शहरातच आहे. उतरवून घेताना ओळ कुठे तुटते, यमक कुठे जुळते आणि कोणता शब्द अडतो हे आपोआप लक्षात येते, शिवाय अडलेल्या शब्दाचा अर्थ कोशात पाहून ठेवता येतो. ऐनवेळी सगळे मोबाइलवर मिळेल, या भरवशावर मात्र राहू नये, कारण घाटात रेंज केव्हा जाईल याचा नेम नसतो. वळणांच्या रस्त्यावर चालत्या गाडीत पान वाचल्यास अनेकांना मळमळते. तिथे पाठ असलेली कविता म्हणावी आणि वहीतले वाचन मुक्कामी करावे.

दुसरी चूक कविता ओढूनताणून स्थळाला चिकटवण्याची आहे. बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता नृसिंहवाडीच्या घाटावर वाचावीशी वाटणे स्वाभाविक आहे, कारण नदी, शांतता आणि औदुंबर हे सारे तिथे समोरच असते. परंतु बालकवी खानदेशातल्या धरणगावचे होते आणि कवितेतले चित्र वाडीचे आहे असे मुलांना सांगणे बरोबर नाही. कवितेला समोरच्या जागेचे प्रमाणपत्र लागत नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढचे पाणी तिच्यातल्या शब्दांना उजळ करते, एवढे पुरेसे आहे.

याच्या नेमकी उलट अडचण गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीला येते. तिथे कविता आणि स्थळ यांचा संबंध खराच आहे. 24 फेब्रुवारी 1674 रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या फौजेवर मोजक्या साथीदारांनिशी तुटून पडले आणि तिथेच धारातीर्थी पडले. कुसुमाग्रजांची ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ ही कविता याच प्रसंगावरची. पण आपल्याला ती आधी गाणे म्हणून कानी पडलेली असते, त्यामुळे स्मारकापाशी वही उघडली तरी ओठांवर चालच येते आणि शब्द चालीमागे फरपटत जातात. यावर उपाय म्हणजे चाल पूर्ण बाजूला ठेवून कविता बोलण्याच्या आवाजात, वाक्य जिथे संपते तिथेच थांबत वाचणे. तसे वाचल्यावर तिच्यातला आवेश कमी होत नाही, उलट त्याखालचे दुःख ऐकू येऊ लागते. लढाईचा तपशील मात्र इतिहासाच्या पुस्तकातून आधी वाचलेला असावा. तो कवितेकडून मागू नये आणि कवितेत तो नाही म्हणून तिला उणेही लेखू नये.

पन्हाळ्याला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आठवते की मोरोपंतांचा जन्म 1729 साली याच गडावर झाला. ज्यांना आठवते ते आर्या वाचायला घेतात आणि दुसऱ्या ओळीलाच थांबतात, कारण त्या गद्यासारख्या सरळ वाचल्या जातात. आर्या हे मात्रांचे, म्हणजे ऱ्हस्व अक्षराला एक आणि दीर्घाला दोन अशा मोजणीचे वृत्त आहे. पहिल्या चरणात 12 मात्रा आणि दुसऱ्यात 18 असतात, म्हणून बाराव्या मात्रेनंतर किंचित थांबावे लागते. ‘सुश्लोक वामनाचा’ हे सर्वपरिचित शब्द म्हणून पाहिले तर तो विसावा कुठे येतो हे लगेच कळते. मोरोपंतांचीच ‘केकावली’ही याच चालीत म्हणण्याचा प्रयत्न काही जण करतात आणि ती बसत नाही, ती पृथ्वी वृत्तात आहे, तिच्या सतरा अक्षरी चरणात आठव्या अक्षरानंतर यती, म्हणजे विसावा, येते. माझ्या मते गडावर वाचायला महाभारतकथेच्या लांबलचक आर्यांपेक्षा ‘केकावली’तले दोन-तीन श्लोकच घ्यावेत, कारण त्यांत देवाशी थेट बोलणे आहे आणि ते मागचापुढचा संदर्भ नसतानाही पोहोचते. गडावरच्या सज्जाकोठी या इमारतीच्या उघड्यावर वाऱ्याने पाने ठरत नाहीत आणि आवाजही उडून जातो. वाचनासाठी एखादी भिंतीआडची जागा शोधावी. आसपास इतर मंडळी असतील तर आवाज आपल्या माणसांपुरताच ठेवावा.

मुले कंटाळतात, ही तक्रार सर्रास ऐकू येते. बहुतेक वेळा कविता संपताच त्यांना अर्थ विचारला जातो आणि सहलीत शाळा शिरते. अर्थ विचारू नये. आवडलेली एक ओळ ज्याने त्याने पुन्हा म्हणून दाखवावी. एखाद्याला एकही आवडली नाही तर तेही चालू द्यावे.

गणपतीपुळ्याला जाणारे बरेच जण शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचे स्मारक घाईघाईने पाहून निघतात. तिथे पोहोचल्यावर केशवसुत पहिल्यांदा वाचायला घेण्यात अर्थ नाही. एखादी कविता आदल्या रात्री वाचून जावे. नैर्ऋत्येकडच्या वाऱ्याला उद्देशून त्यांनी लिहिलेल्या कवितेत घरापासून दूर असलेल्या माणसाला कोकणातले आपले गाव आठवते. ती परतीसाठी राखून ठेवावी, आणि आंबा घाट चढून आल्यावर चहासाठी गाडी थांबेल तेव्हा वाचावी.