बीएस/एमडीचा निर्णय घेताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीचा सामाईक ऑनलाइन अर्ज, कॉमन ॲप, १ ऑगस्टला उघडतो आणि त्याच आठवड्यात माझा फोन वाजायला लागतो. न्यू जर्सीत डॉक्टरकी करते म्हटल्यावर आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या घरांत माझा नंबर आहे. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, बीएस/एमडीला टाकायचं का?" म्हणजे हायस्कूल संपतानाच कॉलेज आणि मेडिकल स्कूल, दोन्हींचा प्रवेश एकदम. एरवी चार अधिक चार वर्षं लागतात. इथे कुठे सात, कॅन्सस सिटीच्या यूएमकेसी विद्यापीठात तर सहाच. प्रश्नात काही गैर नाही. चुका मात्र दरवर्षी त्याच होतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

"एक वर्ष वाचतं ना!"

आमच्या पिढीनं बारावीनंतर थेट एमबीबीएस पाहिलं, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांत मोकळं. त्यामुळे आधी पदवी आणि मग मेडिकल, हा इथला प्रकार आईबाबांना अजूनही उगाच लांबण लावल्यासारखा वाटतो. पण पुढचा हिशेबही मांडा. फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी (एमडीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) ३ वर्षं, जनरल सर्जरीची ५, न्यूरोसर्जरीची ७. एवढ्या लांबच्या रस्त्यात एक वर्ष कमी झालं म्हणून कोण मोठं होतं? त्यातही सगळे कार्यक्रम छोटे नसतात. ब्राउन विद्यापीठाचा असाच कार्यक्रम, पीएलएमई, पूर्ण आठ वर्षांचा आहे. तिथे एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) वाचते, वर्ष वाचत नाही. आणि जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चा (डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा) निकाल नुसता पास-नापास लागतो. त्वचारोग, ऑर्थोपेडिक्स अशा चुरशीच्या शाखांना आता स्टेप २ चे गुण आणि संशोधन जास्त बघतात. तीन वर्षांत पदवी कोंबणाऱ्या मुलानं लॅबमध्ये कधी बसायचं?

"जागा पक्की झाली"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तडकतं. ओळखीतल्या एका घरी एप्रिलमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. पेढे वाटले, मंडळाच्या कार्यक्रमात मुलाचा सत्कार झाला, आजीनं पुण्याहून फोन करून "आमचे डॉक्टर" म्हणायला सुरुवात केली. पत्राचं दुसरं पान कोणी वाचलं नाही. त्यावर अटी होत्या: जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.५ च्या खाली जाता कामा नये, विज्ञानाच्या कुठल्याही विषयात सी नको, एमकॅटला ठरावीक गुण हवेत. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी प्लस आला आणि जागा गेली. पोरानं घरी कित्येक महिने सांगितलंच नाही.

एका ग्रेडनं कोणाचं आयुष्य संपत नाही. खरी गोची पुढे झाली. जागा पक्की म्हणून त्यानं दोन वर्षांत ना रुग्णालयात स्वयंसेवा केली होती, ना शिफारसपत्र देईल एवढी कुठल्या प्राध्यापकाशी ओळख. नेहमीच्या वाटेनं अर्ज करायचा तर सगळं पहिल्यापासून. आज तो मेडिकलला आहे, बरं चाललंय त्याचं. पण बरोबरीची, चार वर्षं रमतगमत काढलेली मुलं त्याच्या पुढे गेली.

म्हणून कोणी पत्र घेऊन आलं की मी ते माझ्यासमोर मोठ्यानं वाचायला लावते. मुलाला नाही, वडिलांना. कमीत कमी जीपीए किती? एमकॅट द्यायची का, आणि किती गुण? एक सेमिस्टर घसरलं तर सुधारायला वेळ देतात का? दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केला तर ही जागा सोडावी लागते का? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि पैशाची गोष्ट तिथेच दडलेली असते. एनवाययूच्या मेडिकल स्कूलनं २०१८ मध्ये ट्यूशन माफ केली, ब्रॉंक्सच्या आइन्स्टाइननं २०२४ मध्ये. सतराव्या वर्षी एकाच जागेशी बांधून घेतलं तर ती दारं बंद. उलट १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज नाही आणि मेडिकलसाठी सरकारी कर्जाला वर्षाला ५०,००० डॉलर, एकूण २ लाखांची मर्यादा आहे. "कर्ज काढू" म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा फीच्या शेजारी लिहावा.

मामाच्या हॉस्पिटलातले टाके

अर्जाचे निबंध मला वाचायला पाठवतात. उन्हाळ्यात सांगलीला, नाशिकला गेलो, मामाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन पाहिलं, इथवर ठीक. पुढच्या ओळीत "मामांनी मला दोन टाके घालू दिले" असं अभिमानानं लिहिलेलं असतं. अहो, अकरावीतल्या पोरानं रुग्णाला टाके घालणं हे कौतुकाचं काम आहे का? प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्यानं परदेशात जाऊन रुग्णावर हात चालवू नये, असं एएएमसीनं (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनं) मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवलंय. मुलाखत घेणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो त्या रुग्णाला विचारलं होतं का, हा. माझा उपाय कंटाळवाणा आहे: जवळच्या नर्सिंग होममध्ये किंवा गावच्या फर्स्ट एड स्क्वाडमध्ये दर शनिवारी जा, वर्षभर. आजारी माणसांचा वास, चिडचिड, एकच गोष्ट चारदा सांगणं, हे सोसतं का ते कळेल. तीन आठवड्यांत "अनुभव" गोळा करायला निघालेल्यांना मी हल्ली सरळ नाही म्हणते.

बाकीच्या, थोडक्यात

एच-४ वरच्या (एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांनी पहिल्याच दिवशी पात्रता बघा. बरेच कार्यक्रम नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत मूल २१ वर्षांचं झालं की एच-४ संपतो, हा वेगळाच घोर.

नेटवरच्या जुन्या याद्यांवर विसंबू नका. नॉर्थवेस्टर्ननं आपला कार्यक्रम बंद केला, तरी याद्यांत तो दिमाखात मिरवतोय.

फक्त बीएस/एमडीलाच अर्ज करणं हा शुद्ध जुगार.

हजारो डॉलर घेऊन निबंध "घडवून" देणाऱ्या सल्लागारांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही.

मग घ्यावं कोणी?

मी मुलांना एकच विचारते, आणि आईबाबांना तेवढा वेळ बाहेर बसवते: "मेडिकलची जागा काढून टाकली, तरी या कॉलेजात चार वर्षं जाशील का?" लगेच हो म्हणून तिथला एखादा विषय, एखादी लॅब सांगणारी मुलं असतात. त्यांनी जरूर जावं. अर्जांची धावपळ आणि काही ठिकाणी एमकॅटचा साडेसात तासांचा दिवसही टळतो, ते काही कमी नाही. "नाही काकू, पण डॅड म्हणतात..." असं सुरू झालं की मला उत्तर मिळालेलं असतं.

आणि १ मेच्या आत होकार कळवण्याआधी त्याच कार्यक्रमातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. प्रवेश कार्यालय माहितीपत्रक वाचून दाखवेल. त्यांच्या बॅचमध्ये सुरुवातीला किती जण होते, आता किती उरलेत आणि गेलेले कशामुळे गेले, हे ती मुलं सांगतील.