आजी-आजोबांना वृद्धाश्रमातून घरी आणताय? आधी आयुष्मान कार्ड काढा

आत्याला केअर सेंटरमधून कोपरखैरण्याला आणलं तेव्हा घरात वॉकर आला, कमोडची खुर्ची आली, रात्रीच्या मावशी ठरल्या. सरकारी योजनेतून हॉस्पिटलात मोफत उपचार मिळवून देणारं आयुष्मान कार्ड तेवढं राहिलं. काढायला बसलो तर ओटीपी जात होता आतोबांच्या नंबरवर, आणि तो तर ते गेल्यापासून बंद!

म्हणून पहिलं काम आधारचं. जन्मतारीख बघा, मोबाइल नंबर बघा. नंबर बदलायला आम्हाला आधार केंद्रात जावं लागलं. शक्य असेल तर हलवण्याआधीच उरका. एकदा माणूस चौथ्या मजल्यावर चढवला की खाली आणणं सोपं नाही. आत्याचा अंगठा मशिनवर उमटेना, शेवटी डोळ्यांवरून ओळख पटली.

मग कार्ड. आधारप्रमाणे ७० पूर्ण असतील तर आयुष्मान ॲपवर ‘वय वंदना’ कार्ड निघतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. उत्पन्नाची अट नाही, जुन्या आजारांसाठी थांबायला लागत नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. मात्र घरात दोघं सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. मेडिक्लेम असला तरी कार्ड मिळतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं.

सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा. तिथे रेशनकार्ड लागतं, त्यामुळे नाव अजून कुणाच्या कार्डावर आहे ते आधी शोधा. चौकशीला १५५३८८.

निघताना सेंटरकडून फाइल मागून घ्या. गोळ्यांची पिशवी नव्हे, कागद: कुठली गोळी किती वाजता, इन्सुलिन किती युनिट, कॅथेटर (लघवीची नळी) कधी बदलला. आम्हाला नुसती पिशवी मिळाली होती आणि बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा चालू होती!

आता खरी मेख. हे कार्ड ॲडमिट झाल्यावरचं आहे. मावशींचा पगार, डायपर, ओपीडीची फी, रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत. डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतचा औषधांचा खर्च मिळतो, तेवढाच. बाकी महिन्याच्या गोळ्यांना जनऔषधी दुकान गाठा, नाहीतर पालिकेचा दवाखाना.

आणि हॉस्पिटल ‘यादीत आहे’ एवढ्यावर विसंबू नका. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन या हॉस्पिटलात योजनेत होतं का, असं नेमकं विचारा. आयुष्मानच्या हेल्पलाइनला, १४५५५ वर फोन करा, हॉस्पिटलात गेल्यावर थेट आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला गाठा. अनामत भरायच्या आधी.

कार्डाची झेरॉक्स, गोळ्यांचा कागद आणि ॲम्ब्युलन्सचा १०८ नंबर आम्ही फ्रिजच्या दारावर लावलाय. रात्री दोन वाजता मावशींना कपाट उघडायला लागू नये.