इकोत ईएफ नॉर्मल आला तरी दम लागतोय? मग हे वाचा

आईच्या टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे हृदयाच्या पंपिंगचा आकडा, ६० टक्के आला तेव्हा घरात सगळे म्हणाले चला सुटलो, हार्ट नॉर्मल आहे. पण तिला एक जिना चढला की दम लागायचा, झोपायला तीन उशा लागायच्या, संध्याकाळी नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. वय झालं म्हणत आम्ही चार महिने घालवले, तुम्ही घालवू नका.

ईएफ म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं किती टक्के एका ठोक्याला बाहेर जातं ते. ५० किंवा जास्त असला की पंपिंग ठीक धरतात. पण बाहेर फेकायच्या आधी कप्पा भरायला हवा ना, आणि भरायला तो सैल पडायला हवा. वय, बीपी, शुगर, वजन यांनी भिंत कडक झाली की तो नीट सैल पडत नाही, आतलं प्रेशर वाढतं, ते मागे फुफ्फुसापर्यंत पोचतं आणि धाप लागते. हेसुद्धा हार्ट फेल्युअरच (हृदय बंद पडणं नव्हे, त्याचं काम कमी पडणं). वयस्कर बायकांमध्ये हा प्रकार जास्त दिसतो.

म्हणून रिपोर्ट हातात आला की ईएफवर थांबू नका, खाली डायस्टॉलिक डिसफंक्शन (कप्पा नीट सैल न पडणं), एलव्हीएच (डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होणं), एलए डायलेटेड (डावा वरचा कप्पा मोठा होणं) असं काही लिहिलंय का बघा. नुसतं ग्रेड १, म्हणजे सौम्य डायस्टॉलिक डिसफंक्शन असेल तर घाबरू नका, उतारवयात ते बऱ्याच जणांना असतं, पण सोबत दम आणि सूज असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. हृदयावर ताण आहे का बघायला एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी करतात, मात्र वजन जास्त असलेल्यांत ती कमी येऊ शकते.

लघवीच्या गोळीने सूज उतरते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या मूळच्या शुगरच्या गोळ्या, पण २०२१ आणि २०२२ च्या मोठ्या ट्रायल्समध्ये शुगर नसलेल्या पेशंटनाही फायदा दिसला, अ‍ॅडमिट व्हायची वेळ कमी आली. चालतील का ते डॉक्टरच ठरवतील.

घरी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत २ किलोच्या वर वाढलं तर ते पाणी साठलेलं असू शकतं, लगेच डॉक्टरांना फोन करा. पापड, लोणचं, फरसाण कमी करा. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका, त्याने अंगात पाणी साठतं. आणि रात्री आडवं झाल्यावर गुदमरायला लागलं तर सकाळची वाट बघू नका, तसंच हॉस्पिटल गाठा.